कर घेणारा हात आणि बंदी घालणारा हात

महाराष्ट्राच्या कायद्यांच्या संग्रहात एक कायदा तब्बल ४७ वर्षे नुसता पडून होता. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, राज्य विधिमंडळाने कॅसिनोंचे नियंत्रण करणारा व त्यांच्यावर कर बसवणारा अधिनियम संमत केला. तो अमलात कधी यावयाचा, ती तारीख सरकारने राजपत्रात जाहीर करावी अशी त्यात तरतूद होती. ती तारीख कधीच उगवली नाही. सरकारे आली आणि गेली, पक्ष फुटले आणि जुळले. पण हा कायदा अमलात आणण्याचे धाडस कोणी केले नाही आणि तो रद्द करण्याची तसदीही कोणी घेतली नाही. मध्यंतरी, विधिमंडळाने केलेला कायदा सरकार अमलात का आणत नाही, असा सवाल थेट उच्च न्यायालयातही विचारला गेला. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि या अर्धवट संकल्पाला मूठमाती मिळाली.

हा निर्णय योग्यच होता. परंतु एवढ्याने प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या मोहातून १९७६ चा कायदा जन्मला, तो मोह त्या कायद्याबरोबर मेलेला नाही. जुगार वाईट आहे हे मान्य. पण लोक खेळणारच असतील तर सरकारने त्यावर देखरेख ठेवून चार पैसे का मिळवू नयेत, हा तो मोह. कॅसिनो आता पंचतारांकित हॉटेलातून निघून माणसाच्या खिशातील मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. त्यामुळे या मोहाची तपासणी पूर्वीपेक्षा अधिक कठोरपणे करणे अगत्याचे झाले आहे.

जुनाच वाद

हा वाद मुळात फार जुना आहे. मनूने राजाला द्यूत समूळ बंद करण्यास सांगितले. कौटिल्याचा मार्ग वेगळा होता. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, एकाच ठिकाणी खेळण्याची सक्ती केली, आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच राजाच्या खजिन्यात घेण्याची व्यवस्था लावून दिली. छुप्या मार्गाने पोट भरणारे लोक अशा ठिकाणी हेरता येतात, हे त्याचे कारण. म्हणजे त्याच्या लेखी देखरेख हा हेतू होता आणि कर हे त्याचे आनुषंगिक फळ. आजच्या सरकारांना कौटिल्य आठवतो तो बहुधा या फळापुरताच.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाचा कस लागला तो आपल्याच राज्यात. त्या काळी शब्दकोड्यांच्या बक्षीस योजनांना ऊत आला होता. बंगळूरहून निघणारे 'स्पोर्टिंग स्टार' हे नियतकालिक मुंबई राज्यात खपत असे, येथील लोकांचे प्रवेशशुल्क येथेच गोळा केले जाई, आणि कर मागितला की चालक म्हणत, आमचे पत्र तर म्हैसूर राज्यात छापले जाते. मुंबई सरकारने १९४८ चा लॉटरी व बक्षीस स्पर्धांचा कायदा १९५२ मध्ये दुरुस्त करून बाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही कराच्या कक्षेत आणले. चालक न्यायालयात गेले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात मुंबई राज्याच्या बाजूने निकाल दिला. पत्र कोठे छापले जाते हे पाहावयाचे नाही. लोक कोठे खेळतात आणि पैसा कोठे गोळा होतो हे पाहावयाचे, असा त्याचा मथितार्थ. सर्व्हर परदेशात आहे, सबब येथला कायदा आम्हांस लागू नाही, असे आज सांगणाऱ्यांना सुमारे ७० वर्षांपूर्वीच दिलेले हे उत्तर आहे.

त्याच निकालात सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातील द्यूतकाराच्या सूक्तापासून महाभारत, मनू आणि कौटिल्यापर्यंतचा धांडोळा घेतला आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. येथेच एक अवघड जागा आहे. जी गोष्ट व्यापारच नव्हे, तिच्यावर सरकार कर मात्र घेऊ शकते. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही. नीतीच्या आणि राज्यकारभाराच्या दृष्टीने मात्र ती आहे, आणि ती वर्षागणिक रुंदावत गेली आहे.

ऑगस्टची बंदी, सप्टेंबरचा कर

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे पैजा व जुगार हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. पूर्वी त्यावरील कराचा अधिकारही राज्यांकडे होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. साहजिकच जुगाराविरुद्ध पोलीस पाठवावयाचे ते राज्याने आणि कराचा दर ठरवावयाचा तो केंद्र व राज्यांच्या संयुक्त परिषदेने, अशी वाटणी झाली. ऑनलाइन खेळांच्या बाबतीत पुढे केंद्राने स्वतंत्र कायदा केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अवघ्या दोन दिवसांत, दोन्ही सभागृहांत, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक संमत केले. खेळ कौशल्याचा की दैवाचा हा भेदही त्यात उरला नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला होता, आणि त्या निकालाच्या आडोशाने एक सबंध धंदा उभा राहिला होता. तो आडोसा या कायद्याने काढून घेतला. खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड, आणि खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही, अशी त्याची रचना आहे. त्याला आव्हान दिले गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे वर्ग करून घेतल्या.

आता याच सप्टेंबर महिन्यातील दुसरी घटना पाहावी. वस्तू व सेवा कर परिषदेने कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती, लॉटरी आणि पैशांचे ऑनलाइन खेळ यांवरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के केला. हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. म्हणजे ऑगस्टमध्ये ज्या गोष्टीवर बंदी आणली, तिचेच नाव सप्टेंबरात कराच्या यादीत वरच्या दराने झळकले. कर लावला म्हणून बंदी शिथिल होत नाही, असा खुलासा कर कायद्यातच आहे आणि वकिलांचे त्याने समाधान होईलही. पण सामान्य माणसाने यातून काय बोध घ्यावा? सरकारचा एक हात दार लावतो आहे आणि दुसरा हात त्याच दाराच्या फटीतून पुढे येऊन वर्गणी मागतो आहे, असे त्याला वाटले तर त्याचा दोष म्हणता येणार नाही.

हिशेब मांडून पाहू

कर जबर असला की जुगार कमी होईल, असे एक समर्थन नेहमी केले जाते. ते तपासण्यासाठी शाळेतील गणिताइतका साधा हिशेब पुरे. कॅसिनोतील रूलेटच्या एका प्रचलित चाकावर शून्यासह ३७ आकडे असतात. एका आकड्यावर लावलेले १०० रुपये लागले तर ते १०० परत मिळतात आणि वर ३,५०० मिळतात. एखाद्याने सर्वच्या सर्व ३७ आकड्यांवर प्रत्येकी १०० रुपये लावले, तर त्याचे ३,७०० रुपये गुंततील आणि चाक कोठेही थांबले तरी हाती येतील ३,६००. शंभर रुपये गेले ते गेलेच. येथे दैवाचा संबंध नाही, कौशल्याचा नाही, नवसासायासाचाही नाही. खेळाची मांडणीच अशी की पुरेशा फेऱ्यांनंतर चालक जिंकतो.

आता यात सरकारचा वाटा धरा. ३,७०० रुपयांच्या सोंगट्या घ्यावयाच्या तर ४० टक्के दराने १,४८० रुपये कर, म्हणजे खेळाडूला मोजावे लागणार ५,१८०. हा कर प्रत्येक फेरीला नव्हे, सोंगट्या घेतानाच एकदा पडतो, हे खरे. पण मग क्रम लक्षात घ्या. खेळ सुरू होण्यापूर्वीच सरकार १,४८० रुपये मिळवून मोकळे झाले. चालक फेरीफेरीने मिळवत राहणार. खेळाडू मात्र दारातच हरलेला. चुकून कोणी जिंकलाच, तर ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकीवर १ एप्रिल २०२३ पासून ३० टक्के प्राप्तिकराची तरतूद आहे. कौटिल्य निदान जिंकलेल्याकडून शेकडा पाच मागत होता. आजचा कर हरणाऱ्याकडूनही घेतला जातो, आणि हरणारेच बहुसंख्य असल्यामुळे तो मुख्यतः त्यांच्याकडूनच येतो. जुगारावरील कर म्हणजे श्रीमंताच्या चैनीवरचा कर, ही समजूत म्हणूनच खोटी आहे. तो दुबळ्याच्या आशेवरचा कर आहे.

केंद्र सरकारने हा कायदा करताना सांगितलेल्या अंदाजाप्रमाणे देशातील सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावत होते. भागाकार केला तर माणशी ४५० रुपयेसुद्धा भरत नाहीत. एवढ्यासाठी हा गहजब कशाला, असे कोणी म्हणेल. पण बुडणारा माणूस सरासरी पाण्यात बुडत नसतो. तो एका विशिष्ट ठिकाणी, पाणी खोल असते तेथेच बुडतो. ज्याचा पगार महिन्याच्या पाच तारखेला हातात असतो आणि दहा तारखेला नसतो, जो पतपेढीचे कर्ज मुलीच्या शिक्षणाच्या नावाखाली काढतो आणि भलतीकडे घालवतो, त्याच्या घराला या सरासरीचा काय उपयोग?

गोव्याचा दाखला आणि महाबळेश्वर

'गोव्याला चालते, मग आम्हांला का नको?' हा प्रश्न पर्यटनावर जगणाऱ्या प्रत्येक गावात कधी ना कधी विचारला जातो. महाबळेश्वर त्याला अपवाद कसे असेल? एकेकाळची मुंबई इलाख्याची ही उन्हाळी राजधानी. आज येथील हॉटेले, घोडेवाले, टॅक्सीवाले, चणे-मक्याच्या गाड्या या सर्वांचे वर्ष सुट्ट्यांच्या हंगामावर तरते. पावसाळ्यात बाजारपेठ झडीच्या पडद्याआड जाते आणि उत्पन्न आटते. अशा ठिकाणी बारमाही गर्दी खेचणारे काही हवे असे वाटणे गैर नाही. सातारा, जावळी व पाटण या तालुक्यांतील गावे घेऊन 'नवे महाबळेश्वर' उभारण्याची योजना राज्याने हाती घेतली आहे, आणि गुंतवणूकदार आले की कॅसिनोची कल्पना पुन्हा डोके वर काढणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

म्हणून गोव्याचा दाखला पुरता वाचला पाहिजे. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यांत्रिक खेळांना मुभा दिली आणि १९९६ साली जहाजांवरील कॅसिनोंना. पुढे मांडवीच्या पात्रात दिव्यांनी झगमगणाऱ्या नौका उभ्या राहिल्या. परंतु त्याच गोव्याने १ फेब्रुवारी २०२० पासून स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत जाण्यास मज्जाव केला! ज्या राज्याला या धंद्याचा सर्वांत जवळचा अनुभव आहे, त्याने आपल्या लेकरांना त्यापासून दूर ठेवले आणि दार उघडे ठेवले ते पाहुण्यांसाठी. त्या पाहुण्यांत सातारा-सांगलीकडचे लोकही असतात. गोव्याचा धडा घ्यावयाचाच असेल तर तो एवढाच आहे: कॅसिनो ही अशी वस्तू आहे, की जी विकणाराही आपल्या घरात नेत नाही.

आडवी करावी अशी बाटलीच नाही

महाबळेश्वराला लागून असलेल्या जावळी तालुक्यात स्त्रियांनी मतपत्रिकेवर 'आडवी बाटली' निवडून दारूची दुकाने बंद पाडली, हे या जिल्ह्याला ठाऊक आहे. दारूविरुद्ध हे हत्यार चालले. कारण दुकान दिसत होते, त्याला दार होते, परवाना होता, आणि घरी परतणाऱ्याच्या तोंडाला वासही येत होता. मटक्याचेही तसेच. चिठ्ठी घेणारा टपरीवर बसे आणि सारे गाव त्याला ओळखत असे. मोबाईलवरील जुगाराला यांपैकी काहीच नाही. नवरा शेजारी बसून खेळत असला तरी बायकोला वाटते की तो बातम्या वाचतो आहे. येथे आडवी करावी अशी बाटलीच नाही.

आणि आपला राज्याचा कायदा? तो १८८७ चा आहे. त्याची सारी कल्पना घर, खोली किंवा जागा, तेथे सापडणारी साधने आणि तेथे हजर असलेली माणसे यांभोवती फिरते. पोलिसांनी धाड घालावी, पत्ते व रोकड जप्त करावी, पंचनामा करावा. फडावरचा जुगार पकडण्यास तो पुरेसा होता. आज फड कोठेच नाही. पैसा फिरतो तो भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून, आणि ही खाती पुष्कळदा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची असतात. चार-दोन हजारांच्या आमिषाने आपले पासबुक, एटीएम कार्ड व सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या मुलाला आपण काय करतो आहोत याची कल्पना नसते. कल्पना येते ती खाते गोठवले जाते आणि चौकशीचे बोलावणे दारात येते तेव्हा. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. फरक एवढाच की तुरुंगाची भीती दळणाऱ्याला आहे.

बंदीविरुद्धचा आक्षेप

बंदीने जुगार भूमिगत होतो, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परदेशी संकेतस्थळे एका नावाने रोखली की दुसऱ्या नावाने अवतरतात. २०२२ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत केंद्राने अशी सुमारे १,४०० संकेतस्थळे व अ‍ॅप्स रोखण्याचे आदेश दिले, तरी पीक थांबले नाही. मग परवाना देऊन कर घेणे बरे नव्हे काय? महाराष्ट्राला याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. १९६९ साली राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली तेव्हा लोकांना बेकायदा जुगारापासून परावृत्त करणे हाच हेतू सांगितला गेला होता. लॉटरी चालू झाली आणि मटका त्यानंतरही वर्षानुवर्षे फोफावला. कायदेशीर जुगार बेकायदा जुगाराची जागा घेत नाही. तो त्याच्यासाठी नवी गिऱ्हाइके तयार करतो, कारण सरकारी शिक्का पाहिल्यावर भिडस्त माणसाचीही भीड चेपते. शिवाय ४० टक्के कर देणारा परवानाधारक आणि एक पैसाही न देणारा चोरटा यांत खेळाडू कोणाकडे वळेल, हे सांगावयास अर्थशास्त्र्याची गरज नाही.

आक्षेपाचा खरा अर्थ बंदी नको असा नसून, नुसती बंदी पुरेशी नाही असा आहे. राज्याने यासाठी चार गोष्टी कराव्यात. १८८७ चा कायदा नव्याने लिहून त्यात जागेऐवजी व्यवहार हा गुन्ह्याचा पाया करावा, आणि चालक, दलाल व जाणूनबुजून खाते भाड्याने देणारा यांना त्यांच्या दोषाच्या प्रमाणात शिक्षा ठेवून हरणाऱ्याला मात्र आरोपी न करता उपचाराचा मार्ग मोकळा ठेवावा. दुसरे, कॅसिनो, लॉटरी व पैजांवरील करातून राज्याला जे मिळेल ते सर्वसाधारण महसुलात न मिसळता व्यसनमुक्ती आणि कर्जबाजारी कुटुंबांच्या साह्यासाठी वेगळे ठेवावे. अंदाजपत्रक त्या पैशावर उभे राहिले नाही, तरच उद्याचा अर्थमंत्री त्याच्या वाढीची आशा धरणार नाही. तिसरे, नव्या महाबळेश्वराच्या आराखड्यातच कॅसिनोला मज्जाव असल्याचे लिहून टाकावे. चौथे काम सरकारचे कमी आणि आपले अधिक आहे. रूलेटचा वर मांडलेला हिशेब नववीच्या वर्गात फळ्यावर मांडण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. शिक्षक-सेवकांच्या पतपेढ्यांनी कर्जाचे कारण व सततची निकड याकडे डोळसपणे पाहण्यासही नाही.

१९७६ चा कायदा ४७ वर्षे निजून राहिला, कारण जुगारापासून मिळणारा पैसा हवासा वाटत होता आणि तो घेताना दिसणे मात्र नकोसे होते. तो संकोच हीच या राज्याची त्या काळातील खरी शहाणीव होती. आज संकोचही उरलेला नाही आणि स्पष्ट निर्णयही नाही. शेताला कुंपण घालावयाचे तर ते शेताच्या रक्षणासाठी. त्यालाच पिकात वाटा दिला की कुंपणच शेत खाऊ लागते. जुगाराला मनाई करणाऱ्या राज्याने जुगाराच्या उत्पन्नावर डोळा ठेवता कामा नये. या दोन हातांपैकी कोणता पुढे करावयाचा आणि कोणता मागे घ्यावयाचा, हे ठरवण्याची वेळ आली आहे.